हॉस्टेलच्या वायफायला कुलूप कुठं असतं आणि व्हीपीएननं नेमकं काय उघडतं

बेळगावात कॉलेजं सुरू झाली की खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडून चंदगडची मुलं-मुली उद्यमबाग, टिळकवाडी, अनगोळ, नेहरूनगर या भागांतल्या हॉस्टेलांत आणि पीजींत राहायला येतात. बॅगा उघडायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारला जातो आणि आठवडाभरात पुढचा प्रश्न येतो, "दादा, कुठला व्हीपीएन टाकू?" व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी वाहतूक झाकून दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप. हॉस्टेलं आणि दुकानांना नेटवर्क बसवून देणं हे माझं काम. त्यामुळे जिन्यात मुलं विचारतात की बंदीतून वाट कशी काढायची, आणि आत रेक्टर विचारतात की मुलांनी काढलेली वाट बुजवायची कशी. दोघांनाही मी एकच सांगतो. तुमचं नेट वाटेत कोण पाहतं आणि त्याला किती दिसतं, ते आधी समजून घ्या. जे दिसतं तेवढंच अडवता येतं. व्हीपीएन टाकल्यानं पाहणारा जात नाही, फक्त त्याच्या जागी दुसरा येतो.

आधी मालकाची बाजू सांगतो, कारण ती मुलांना कुणी सांगत नाही. पीजीची फायबर लाइन घरमालकाच्या नावावर असते. आत कितीही फोन असोत, राउटर प्रत्येकाला १९२.१६८ नं सुरू होणारा खासगी पत्ता देतो, पण बाहेरच्या जगाला सगळे मिळून एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. याला नॅट म्हणतात. त्या पत्त्यावरून कुणी धमकीचा मेल पाठवला तर पोलीस लाइन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता आणि चौकशीला आधी त्या घरातल्या माणसाला तोंड द्यावं लागलं. २००९ मध्ये दूरसंचार खात्यानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याच्या आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना दिल्या. मोबाइल नंबर आणि ओटीपी मागण्यामागं ही पार्श्वभूमी आहे. ती मागणी मला रास्त वाटते.

मालकानं नेटला आवर घालण्याचं दुसरं कारण वेगाचं. समजा लाइन १०० एमबीपीएसची आहे. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे वीस जण एकाच वेळी बघायला बसले की लाइन भरली आणि एकविसाव्याचा स्कॉलरशिपचा फॉर्म फिरत राहिला. म्हणून रात्री व्हिडिओच्या साइट बंद केल्या जातात. हा इलाज चुकीचा आहे, असं मी प्रत्येक मालकाला तोंडावर सांगतो. प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घालून देता येते, मायक्रोटिक कंपनीच्या साध्या राउटरवरही येते, आणि मग कुणाचंच अडत नाही. पण त्यासाठी एक दिवस बसून सेटिंग करावं लागतं, आणि साइट बंद करायला दोन मिनिटं पुरतात. तिसरं कारण म्हणजे पालकांचे फोन. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आता कुलपांकडे, म्हणजे नेट अडवण्याच्या पद्धतींकडे, वळू.

पहिलं कुलूप लॉगिनच्या पानाचं. वायफाय जोडल्याबरोबर अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर हळूच विचारणा करतो. तिथून २०४ हा कोरा जबाब आला तर पुढं नेट आहे असं तो समजतो. हॉस्टेलचा राउटर ही विचारणा मध्येच अडवतो आणि स्वतःचं पान पुढं करतो. लॉगिन झालं की राउटर तुमच्या फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा जोडणी क्रमांक, लक्षात ठेवतो. घोळ इथंच होतो. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक वायफायला खरा मॅक न दाखवता वेगळाच बनवलेला दाखवतात. तुमचा माग कुणी काढू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे, पण हॉस्टेलच्या फॉर्मवर तुम्ही 'अबाउट फोन' मधला खरा मॅक लिहून देता आणि राउटरला भलताच दिसतो. प्रत्येक मजल्याच्या वायफायचं नाव वेगळं असेल तर एकच फोन तीन उपकरणं म्हणून मोजला जातो आणि "तुमची मर्यादा संपली" असा संदेश येतो. 'मला ब्लॉक केलंय' म्हणून येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची अडचण एवढीच असते. वायफायच्या त्या नावावर जा, प्रायव्हसी उघडा, 'डिव्हाइस मॅक वापरा' निवडा आणि पुन्हा जोडा. यात कुणाचा नियम मोडत नाही.

दुसरं कुलूप डीएनएसचं. साइटचं नाव टाइप केलं की फोनला त्या नावाचा आकडी पत्ता लागतो, आणि तो सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिची रचना १९८३ सालची. त्या काळी लपवाछपवीचा विचारच नव्हता, त्यामुळे ही विचारपूस पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे वाहतुकीचा क्रमांक दिलेला दरवाजा) उघड्यावर चालते. राउटर ती ऐकतो आणि नको असलेल्या नावाला खोटा पत्ता देतो किंवा 'असं काही नाही' म्हणून मोकळा होतो. बसवायला हे कुलूप सगळ्यांत स्वस्त, म्हणून पीजीत बहुधा हेच असतं. त्यावरचा उपाय फोनमध्येच आहे. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आलं, ज्यात ही विचारपूस बंद पाकिटातून होते. ब्राउझरही हेच काम साध्या वेब वाहतुकीत मिसळून करू शकतात. पण फोनचं प्रायव्हेट डीएनएस पोर्ट ८५३ वरून चालतं आणि तेवढा एक पोर्ट बंद केला की ते आटपतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही तिथं एखादं नाव पक्कं भरून ठेवलं असेल, तर त्या वायफायवर तुमचं सगळंच नेट मरतं. वर 'कनेक्टेड' दिसतं आणि एकही पान उघडत नाही. तसं झालं तर ती सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर आणा.

तिसरं कुलूप समजायला अवघड, पण मोठ्या कॉलेजांच्या हॉस्टेलांत असतं तेच. खेड्यातून सकाळच्या बसनं मुलांचे डबे शहरात येतात, तसं समजा. झाकण घट्ट बसलेलं आणि वर नावाची चिठ्ठी. आत भाकरी आहे की भात, ते कंडक्टरला कळत नाही. डबा कुणाकडे चाललाय ते मात्र कळतं. पत्त्यात एचटीटीपीएस असलेली साइट अशीच चालते. तुम्ही काय वाचलं, काय लिहिलं, कुठला पासवर्ड टाकला, हे हॉस्टेलच्या फायरवॉलला, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक तपासून अडवणाऱ्या यंत्राला, दिसत नाही. पण जोडणी सुरू होताना तुमचा ब्राउझर साइटचं नाव उघड सांगतो. त्याला एसएनआय म्हणतात. २०१८ मध्ये एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या पद्धतीची १.३ आवृत्ती आली तेव्हा बाकी बरंच झाकलं गेलं, ही चिठ्ठी तशीच राहिली. फायरवॉल ती वाचते आणि नको असलेली जोडणी तिथंच तोडते. चिठ्ठीही झाकणारी ईसीएच नावाची पद्धत २०२३ पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आली आहे, पण समोरच्या साइटनंही ती स्वीकारलेली असावी लागते.

म्हणजे रेक्टरांना "तू रात्री काय बघत होतास" हे तपशिलात दिसतं, ही हॉस्टेलातली अफवा खरी नाही. कुठल्या साइटवर, किती वाजता, किती डेटा, एवढं दिसू शकतं. हेही कमी नाही. एखाद्या मुलीनं पहाटे तीनला एखाद्या आजाराची किंवा समुपदेशनाची साइट उघडली, तर नुसतं नावसुद्धा पुरेसं बोलकं असतं. म्हणून नोंदी कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे असं मी मानतो, आणि मी बसवतो तिथं त्या नोंदी एकाच माणसाच्या हाती राहतील असा आग्रह धरतो.

फायरवॉल हजारो साइट एकेक करून बंद करत नाही. कंपनीकडून वर्गवारीची यादी येते, जुगार, अश्लील, खेळ, ब्लॉग वगैरे, आणि कॉलेज त्यातल्या वर्गांवर फुली मारतं. यंत्रानं केलेल्या वर्गवारीत चुका होतात. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या गाळणीनं इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प या गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावातच अक्षरांचा एक गट शिवीसारखा होता. आजही शरीररचनेचं पान नग्नतेच्या वर्गात पडतं आणि वैद्यकीयच्या मुलीचा अभ्यास अडतो. आपल्यासाठी याहून त्रासाचा वर्ग म्हणजे 'वर्गवारी नसलेल्या साइट'. इंग्रजीतली मोठी साइट यादीत असतेच. मराठीतलं एखादं छोटं नियतकालिक, एखाद्या शाळेचं पान, गावाकडच्या इतिहासावर कुणीतरी हौसेनं केलेली साइट यादीत नसते. सावधगिरी म्हणून कॉलेज तो वर्गही बंद करतं आणि मराठीतली चांगली पानं कुणाचा तसा हेतू नसताना जुगाराच्या रांगेत जाऊन बसतात. सीमाभागात शिकणाऱ्या मुलाला मराठी वाचायला मिळण्याच्या जागा आधीच कमी, त्यात हे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि हे दुरुस्त करता येतं म्हणून जास्तच वाटतं.

पोर्टांचं कुलूप थोडक्यात सांगतो. वेबसाठी लागणारे ८० आणि ४४३ ठेवून बाकीचे दरवाजे बंद केले जातात. इंजिनीअरिंगच्या मुलांना याचा फटका गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर बसतो, कारण एसएसएच या सुरक्षित जोडणीनं कोड चढवायला पोर्ट २२ लागतो. त्यासाठी चोरवाट शोधू नका, गिटहबनंच सोय केली आहे. त्यांचा 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' हा पत्ता पोर्ट ४४३ वर तेच काम करतो, किंवा सरळ एचटीटीपीएसनं कोड चढवा.

आता ज्या कुलपाबद्दल मी तुम्हाला हात जोडून सांगेन ते. काही ठिकाणी "नेट हवं असेल तर हे प्रमाणपत्र फोनमध्ये टाका" अशी सूचना असते. ते टाकलं की फायरवॉलला तुमच्या ब्राउझरसमोर कुठल्याही साइटचं सोंग घेता येतं. झाकण उघडून आत बघून पुन्हा लावल्यासारखं, आणि ब्राउझरला संशयही येत नाही. मेलचा मजकूर, पासवर्ड, सगळं. अँड्रॉइड ७ पासून (२०१६) बहुतेक ॲप असलं प्रमाणपत्र मानत नाहीत, म्हणून त्या नेटवर्कवर ॲप अचानक चालेनाशी होतात. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर कॉलेजनं हे केलं तर तो संगणक त्यांचा आहे. तुमच्या स्वतःच्या फोनवर आणि लॅपटॉपवर टाकू नका. आधीच टाकलं असेल तर सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात 'युजर सर्टिफिकेट' शोधून काढून टाका.

आपल्याला नडतंय ते कुलूप कुठलं, हे ओळखणं अवघड नाही. लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा आलं तर मॅकचा घोळ. 'साइट सापडली नाही' असं आलं तर बहुधा डीएनएस. 'जोडणी तोडली गेली' आलं तर चिठ्ठी वाचणारी फायरवॉल. वर्गाचं नाव लिहिलेलं लाल पान आलं तर उत्तमच, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि मोबाइल डेटावरही तीच साइट उघडत नसेल, तर हॉस्टेलला दोष देऊ नका. ती एकतर बंद पडलेली असते, नाहीतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली किंवा कोर्टाच्या आदेशानं देशभर अडवलेली.

व्हीपीएन काय करतो ते आता सोपं जाईल. तुमचे सगळे डबे तो एका पोत्यात घालून पोतं शिवतो आणि त्यावर तिसऱ्याच गावचं नाव घालतो. हॉस्टेलला फक्त पोतं दिसतं. ते उसवलं जातं व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथं सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचायला मिळतात. म्हणजे रेक्टरांना जे दिसत होतं ते आता एका परक्या कंपनीला दिसतं. शिवाय पोतं ओळखूही येतं. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे प्रकार साधारण अनुक्रमे ५१८२० आणि ११९४ या पोर्टवरून चालतात, आणि पोर्ट बदलले तरी वाहतुकीची ठेवण बघून चांगली फायरवॉल ते पकडते. ओळख लपवणाऱ्या टॉर या जाळ्याच्या सर्व्हरांची यादी तर जाहीरच असते, त्यामुळे ते आणखी लवकर अडतं.

मग ही परकी कंपनी कोण, हा प्रश्न उरतो. फुकटच्या व्हीपीएनचा खर्च कुणीतरी भरतच असतो. फेसबुकनं 'ओनावो प्रोटेक्ट' हा फुकट व्हीपीएन संरक्षणाच्या नावानं दिला, आणि लोक कुठली ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून गोळा केली. २०१८ मध्ये तो ॲपलच्या स्टोअरमधून काढावा लागला. 'होला'चं याहून वाईट. ती फुकट सेवा वापरणाऱ्यांच्याच लाइनी दुसऱ्या गिऱ्हाइकांना भाड्यानं दिल्या जात होत्या, हे २०१५ मध्ये उघड झालं. म्हणजे जगातला कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या हॉस्टेलच्या पत्त्यावरून वाटेल ते करू शकत होता. नवी मुंबईच्या त्या घराची गोष्ट इथं पुन्हा आठवा. 'वेब प्रॉक्सी' नावाच्या साइट तर आणखी धोक्याच्या, कारण त्यांच्यातून गेलेलं पान त्यांच्याकडे उघडंच असतं. त्यांच्यातून मेल किंवा बँक कधीही उघडू नका.

कायद्याचंही विचारतात. व्हीपीएन वापरणं भारतात सरसकट गुन्हा नाही, आयटीतली माणसं रोज तो लावून कामाला बसतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, संपर्क आणि दिलेले पत्ते पाच वर्षं ठेवायला सांगितलं आहे. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएननं भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यांचा 'भारत' निवडला तरी यंत्र दुसऱ्या देशात असू शकतं. परदेशी सर्व्हर निवडून स्कॉलरशिपचं किंवा दुसरं सरकारी पोर्टल उघडायला गेलात तर ते उघडेलच असं नाही, कारण बऱ्याच सरकारी साइट देशाबाहेरचे पत्ते घेत नाहीत. फॉर्म भरताना व्हीपीएन बंद करा. आणि कायद्यात गुन्हा नसला तरी हॉस्टेलच्या नियमात असू शकतो. ॲडमिशनच्या वेळी सही केलेला कागद एकदा वाचा, त्यात लिहिलं असेल तर कारवाई होऊ शकते आणि तेव्हा तुमच्या बाजूनं बोलायला फारसं काही राहत नाही.

मित्राचा किंवा सरांचा लॉगिन वापरणं मात्र वेगळ्याच पातळीवर जातं. लबाडीनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क खाली येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. चार साइटसाठी त्या वाटेला जाऊ नका.

माझ्या अनुभवात सगळ्यांत टिकाऊ वाट अर्जाची आहे, आणि मुलं तीच सोडून बाकी सगळं करून बघतात. "नेट चालत नाही सर" एवढं म्हटलं की सर "बघतो" म्हणतात आणि गोष्ट संपते. कारण फायरवॉलचा पासवर्ड त्यांच्याकडे नसतोच, तो आमच्यासारख्या कंत्राटदाराकडे असतो, आणि आम्हाला नेमका पत्ता लागतो. साइटचा पूर्ण पत्ता, लाल पानाचा स्क्रीनशॉट, दिवस आणि वेळ, कुठल्या विषयासाठी हवी ते, आणि वर्गातल्या चार-पाच जणांच्या सह्या. असा कागद आला की साइट सुरू करणं पाच मिनिटांचं काम असतं. वर्गच चुकला असेल तर फोर्टिनेट किंवा पालो आल्टोसारख्या फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर तो तपासता येतो आणि बदलायची विनंतीही करता येते, तीही कुणालाही. तुमच्या आवडीच्या मराठी साइटसाठी ही विनंती आजच करून टाका. ती मान्य झाली की त्या कंपनीची यादी वापरणाऱ्या सगळ्या हॉस्टेलांत फरक पडतो.

एका बाबतीत मात्र नुसत्या अर्जावर थांबू नये. मुलांच्या हॉस्टेलात नेट रात्रभर आणि मुलींच्या हॉस्टेलात दहाला बंद, हे मी पाहिलेलं आहे. केरळमध्ये एका कॉलेजनं मुलींच्या हॉस्टेलात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी केली आणि न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढलं. 'फहिमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी तिला परत हॉस्टेलात घ्यायला लावलं आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. हा निकाल केरळ उच्च न्यायालयाचा, त्यामुळे कर्नाटकातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, आणि हॉस्टेलनं फुकट वायफाय द्यावं असंही तो म्हणत नाही. पण अर्जात त्याचा उल्लेख करता येतो. मुली पालकांना सोबत घेऊन गेल्या आणि हा निकाल पुढं ठेवला, तर बोलणं "शिस्तीचा प्रश्न आहे" एवढ्यावर मिटत नाही.

राहिला आज रात्री बारापर्यंत काही अपलोड करायचं असेल त्याचा प्रश्न. त्यासाठी स्वतःचा मोबाइल डेटा आहे. तो तुमच्या नावावरच्या सिमवर चालतो, तिथं हॉस्टेलच्या फायरवॉलचा संबंध येत नाही, आणि परवानगीशिवाय जॅमर लावणं खासगी संस्थेला बेकायदा आहे. जाड भिंतींच्या जुन्या घरात खोलीत रेंज येत नसेल तर फोन खिडकीत ठेवा आणि लांब केबलनं यूएसबी टेदरिंग करा. हॉटस्पॉटपेक्षा ते स्थिर चालतं आणि बॅटरीही उतरत नाही. लॅपटॉपवर त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, नाहीतर फाइल चढायच्या आधी विंडोजचं अपडेट दिवसाचा डेटा संपवून टाकेल.